टाइप न करता माहिती थेट कॉम्प्युटरमध्ये कशी घ्यायची: दुकान, शिकवणी वर्ग आणि दफ्तरासाठी

नागपुरातल्या दुकानदारांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "बारकोडची गन कोणती घेऊ?" गन सीताबर्डीत जाऊन तासाभरात आणता येते. मालाची स्वच्छ यादी मात्र बाजारात मिळत नाही. प्रत्येक वस्तूला एकच कोड हवा आणि यंत्राने वाचलेलं बरोबर आहे का हे पाहायची सोय हवी. हे दोन्ही आधी झालं असेल तर साधी गनही वर्षानुवर्षं चालते. झालं नसेल तर महागडी गन चुका फक्त जास्त वेगाने करते. म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा तयारीवर जास्त भर आहे.

थेट नोंद म्हणजे माहिती जिथे तयार होते तिथेच यंत्राने ती वाचायची. मध्ये कोणी ती पाहून कीबोर्डवर पुन्हा बडवायची नाही. बारकोड, क्यूआर, गोळे रंगवायची ओएमआर पत्रिका, छापील मजकूर वाचणारं ओसीआर, चेकच्या तळाशी असलेली चुंबकीय शाई, फास्टॅग, बोटाचा ठसा, कॉम्प्युटरला जोडलेला वजनकाटा ही सगळी त्यातच मोडतात. कोणतं कुठे लागतं ते ओळखायला एक प्रश्न पुरतो: तुम्ही वस्तू ओळखताय, माणसाची निवड टिपताय, की आधीच लिहिलेला मजकूर उतरवून घेताय? वस्तूसाठी बारकोड किंवा टॅग, निवडीसाठी ओएमआर आणि मजकुरासाठी ओसीआर. तर्री पोह्याच्या ठेल्याला यातलं काहीच लागत नाही, तिथे भाऊच्या डोक्यातला हिशेब सगळ्यात वेगवान.

दुकानात बारकोड बसवताना

आधी एक गैरसमज काढून टाका. बारकोडमध्ये किंमत नसते. बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा आकड्यांच्या ईएएन-१३ कोडमध्ये फक्त वस्तूची ओळख असते. नाव, भाव आणि करदर तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असतात. गन आकडा वाचते आणि सॉफ्टवेअर तो यादीत शोधतं. यादीत नसेल तर "आयटम सापडला नाही" असा संदेश येतो आणि दुकानदार गनला शिव्या देतो.

कोड ८९० ने सुरू झाला की माल भारतात बनलेला, असंही लोक समजतात. ८९० चा अर्थ एवढाच की त्या कंपनीने क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतला आहे. पुस्तकांवरचा कोड ९७८ ने सुरू होतो, तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक.

तेरावा आकडा तपासणीचा असतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. डावीकडून पहिल्या बारा आकड्यांपैकी विषम जागचे आकडे तसेच मिळवायचे, सम जागच्यांची बेरीज करून तिला तीनने गुणायचं, दोन्ही एकत्र करायचं. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. समजा बारा आकडे ८९०१२३४५६७८९ आहेत. विषम जागांची बेरीज २८. सम जागांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०, म्हणजे दहाची पट आधीच झाली, म्हणून तेरावा आकडा ०. गनने एखादी रेघ चुकीची वाचली तर हे गणित जुळत नाही आणि गन 'बीप' करतच नाही. हाताने टाइप करताना नऊचा सहा झाला तर सहसा असा कोणी पहारेकरी नसतो.

आता क्रमाने.

१. यादी. चालू मालाची एक फाइल करा: कोड, नाव, माप, एमआरपी, जीएसटी दर, एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक). शंभर ग्रॅम आणि दोनशे ग्रॅमचा पुडा या दोन वेगळ्या वस्तू. हे काम शटर खाली असताना, कपाटाकपाटाने करा. गिऱ्हाईक समोर असताना यादी बनत नाही. यादी एक्सेलमध्ये करत असाल तर कोडच्या रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर एक्सेल तेरा आकडी कोड आखडून दाखवतं आणि सुरुवातीचं शून्य गिळून टाकतं. आधी स्कॅन करून नंतर प्रकार बदलला तर गेलेलं शून्य परत येत नाही.

२. गन निवडणं. फक्त उभ्या रेघांचे कोड वाचायचे असतील तर लेझर किंवा साधी सीसीडी गन पुरते. क्यूआर वाचायचा असेल किंवा गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या पडद्यावरचा कोड वाचायचा असेल तर २डी इमेजर, म्हणजे कोडचा फोटो काढून वाचणारी गनच हवी. लेझर पडद्यावरून वाचत नाही. आज नवीन घेत असाल तर २डीच घ्या, कारण औषधांपासून बिलांपर्यंत सगळीकडे क्यूआर शिरला आहे. बिनतारी गन गोदामात सोयीची. गल्ल्यावर वायरची बरी, चार्ज करायची राहिली म्हणून बिल अडत नाही.

३. जोडणी. बहुतेक यूएसबी गन स्वतःला कीबोर्ड म्हणून ओळख करून देतात, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. नोटपॅड उघडा, एखादा पुडा स्कॅन करा. आकडे उमटून कर्सर खालच्या ओळीवर गेला पाहिजे. खाली गेला नाही तर गनच्या पुस्तिकेत 'एंटर' जोडण्याचा कोड छापलेला असतो, तो एकदा स्कॅन करा. ही पुस्तिका फेकू नका, गनच्या सगळ्या सेटिंग तिच्यातले कोड स्कॅन करूनच बदलतात.

आपल्याकडची खास अडचण इथेच येते. गन कीबोर्डचं सोंग घेते, त्यामुळे विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड निवडलेला असेल तर इंग्रजी अक्षरांच्या जागी क, ट, म असलं काहीतरी उमटतं, काही लेआउटमध्ये आकडेही देवनागरी होतात आणि सॉफ्टवेअरला कोड सापडत नाही. स्कॅन करताना इंग्रजी कीबोर्ड ठेवा. कॅप्स लॉकही बंद ठेवा, नाहीतर अक्षरं असलेल्या कोडमध्ये मोठ्याची लहान अक्षरं होतात. "गन बिघडली" म्हणून माझ्याकडे आणलेल्या बऱ्याच गनांची बिघाडी एवढीच असते.

४. एकाच कोडचे दोन भाव. भारतात हे रोजचं आहे. कंपनी एमआरपी बदलते, कोड तोच ठेवते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा कपाटात जुना आणि नवा माल शेजारी शेजारी होता आणि कोड दोन्हींचा एकच. बिलिंग सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यासमोरच पाहून घ्या: एकाच कोडला दोन एमआरपी टाकल्यावर स्कॅन करताना ते विचारतं का? विचारत नसेल आणि गुपचूप शेवटचा भाव लावत असेल तर दुसरं शोधा. माझ्या मते सॉफ्टवेअर निवडायची ही पहिली कसोटी. रंगीत अहवाल नंतर बघता येतील.

५. चालू करणं. सगळं दुकान एकदम स्कॅनवर नेऊ नका. साबण-पेस्टसारखा एक विभाग घ्या, त्याचा साठा मोजा, आठवडाभर फक्त त्याचीच बिलं गनने करा आणि शेवटी पुन्हा नग मोजा. सॉफ्टवेअर आणि कपाट जुळलं तर पुढचा विभाग. जुळलं नाही तर बहुधा कोणीतरी दोन वेगळ्या वासांच्या साबणातला एकच चार वेळा स्कॅन केलेला असतो. भाव सारखा असला तरी प्रत्येक वास वेगळा स्कॅन करायचा, हे काउंटरवरच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

सुटा माल आणि स्वतःचे कोड

मस्कासाथमधून पोत्याने आणलेली तूरडाळ, घरचा सावजी मसाला, संत्रा बर्फी यांवर कंपनीचा कोड नसतो. अशा मालासाठी २०० ते २९९ हा उपसर्ग जगभर दुकानांच्या आतल्या वापराला मोकळा ठेवलेला आहे. तुम्ही २००००००००००१५, २००००००००००२२, २००००००००००३९ असे कोड स्वतः देऊ शकता. शेवटचा आकडा वरच्याच गणिताने आला आहे, करून पाहा. एकच अट: हा कोड तुमच्या दुकानापुरता. माल मॉलला किंवा दुसऱ्या दुकानांना विकायचा असेल तर जीएस१ इंडियाकडे नोंदणी करून स्वतःचा क्रमांक घ्यावा लागतो. नेटवरून कुठला तरी ८९० चा कोड उचलून छापू नका, तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

वजनाने विकत असाल तर लेबल छापणारा काटा घ्या. त्याच्या कोडमध्ये वस्तू आणि वजन दोन्ही बसतात. २१०००४५००७५०२ यात २१ म्हणजे वजनाचं लेबल, ०००४५ वस्तू, ००७५० ग्रॅम आणि २ तपासणीचा आकडा, असा साचा काटा आणि बिलिंग सॉफ्टवेअर या दोन्हींत सारखाच बसवावा लागतो. एकीकडे पाच आकडे वस्तूचे आणि दुसरीकडे सहा असले की पाऊण किलो बर्फीचं बिल भलतंच निघतं. काट्यावर वैधमापन विभागाची दरवर्षीची पडताळणी लागते, कॉम्प्युटरला जोडला म्हणून ती सुटत नाही.

लेबल छापताना नागपूरचं ऊन हिशेबात धरा. डायरेक्ट थर्मल लेबलवर शाई नसते, कागदच उष्णतेने काळा होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा टेम्पोत किंवा काचेच्या शोकेसमध्ये राहिलेलं लेबल पुसट होतं किंवा सगळंच काळवंडतं, आणि दोन्हीत रेघा वाचता येत नाहीत. आठ-पंधरा दिवसांत विकल्या जाणाऱ्या मालाला ते चालेल. महिनोन्‌महिने राहणाऱ्या मालाला रिबनवालं थर्मल ट्रान्सफर छापा.

छपाईच्या आणखी काही गोष्टी. रेघा काळ्या, कागद पांढरा. लाल रेघा सुंदर दिसतात, पण गनचा उजेडही लाल असल्यामुळे तिला त्या दिसतच नाहीत. कोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडा, सजावटीची चौकट त्याला चिकटवू नका. ईएएन-१३ चा मूळ आकार कोऱ्या जागेसकट सुमारे ३७ मिलीमीटर रुंद असतो, तो ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. आणि २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) लेबल प्रिंटर एका मिलीमीटरमध्ये ८ ठिपके मारतो, म्हणून सगळ्यात बारीक रेघ पूर्ण ३ ठिपक्यांची ठेवा. चित्र म्हणून कोड ओढून-ताणून बसवला तर काही रेघा अडीच ठिपक्यांच्या होऊ पाहतात, आणि डोळ्यांना ठीक दिसणारा कोड गन वाचत नाही.

वाचनालयांसाठी एक आडवी सूचना. पुस्तकावरचा आयएसबीएन कोड देवघेवीला वापरू नका, एकाच पुस्तकाच्या पाच प्रतींवर तो एकच असतो. प्रत्येक प्रतीच्या दाखल क्रमांकाचं कोड १२८ मधलं (अक्षरं आणि आकडे दोन्ही घेणारा बारकोडचा प्रकार) वेगळं लेबल लावा. आयएसबीएन फक्त नवं पुस्तक यादीत चढवताना स्कॅन करा.

क्यूआरमध्ये नेमकं काय असतं

क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. तो थोडा फाटला-मळला तरी वाचता येतो. दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. पण प्रत्येक क्यूआरमध्ये सगळं असतं असं नाही.

गल्ल्यावर चिकटवलेल्या यूपीआय क्यूआरमध्ये रक्कम नसते, ती गिऱ्हाईक टाइप करतं. ही थेट नोंद अर्धीच. बिलागणिक रक्कम भरलेला क्यूआर पडद्यावर आणणारी सोय असेल तर ती चालू करा, साडेचारशेचे पंचेचाळीस व्हायचं थांबतं.

ई-इनव्हॉइसवरच्या (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलावरच्या) क्यूआरमध्ये विकणारा आणि घेणारा या दोघांचे जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी आहेत तो आकडा, मुख्य वस्तूचा एचएसएन आणि पोर्टलने दिलेला बिलाचा नोंदणी क्रमांक (आयआरएन) अशी मोजकीच माहिती असते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या मालाचं ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे, म्हणजे मोठ्या पुरवठादाराचं बिल स्कॅन करून खरं-खोटं लगेच पाहता येतं. पण आतला एकेक नग त्यातून तुमच्या साठ्यात उतरणार नाही. त्यासाठी पुरवठादाराकडून एक्सेल फाइल मागा. बहुतेक जण देतात, फक्त मागावी लागते.

मेडिकल स्टोअरवाल्यांना थोडी चैन आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषधी ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला आणि त्यात बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीखही असते. तुमचं सॉफ्टवेअर ती तारीख उचलतं का, एवढं पाहून घ्या.

शिकवणी वर्गासाठी ओएमआर

नीट आणि एमपीएससीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांना दर आठवड्याला शेकडो पेपर तपासायचे असतात. त्यासाठी खास ओएमआर यंत्र लागत नाही. कागद आपोआप ओढणारा साधा डॉक्युमेंट स्कॅनर आणि ओएमआर सॉफ्टवेअर पुरतं. मोबाइलने फोटो काढून तपासणारी अ‍ॅप तीस-चाळीस पोरांपर्यंत ठीक, पुढे हात भरून येतो.

पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांत ठळक काळे चौकोन हवेत, त्यांवरूनच सॉफ्टवेअर कागद तिरका आहे का ते ओळखतं. हजेरी क्रमांक गोळ्यांनी भरायला लावा, शेजारी अक्षरांतही नाव घ्या. छापताना प्रिंटरच्या खिडकीत 'अ‍ॅक्चुअल साइझ' निवडा. 'फिट टू पेज' राहिलं तर गोळे किंचित सरकतात. आणि एका प्रतीवरून झेरॉक्स मारत बसू नका, झेरॉक्सची झेरॉक्स तिरकी आणि आकाराने कमी-जास्त होत जाते. सगळ्या प्रती मूळ फाइलमधूनच काढा. कागद ८० जीएसएमपेक्षा (कागदाच्या वजनाचं माप) पातळ नको, बॉलपेनचा दाब मागून उमटतो.

नागपुरात उन्हाळ्यात वर्गात कूलर असतोच. त्याच्या ओल्या हवेने कागद सादळतो, कडा वळतात आणि स्कॅनर दोन-दोन पानं एकदम ओढतो. गठ्ठा कूलरच्या झोतापासून लांब ठेवा, स्कॅन करण्याआधी फडफडवून पानं सुटी करून घ्या. स्कॅन झालेली पानं आणि जमा झालेले पेपर यांची संख्या जुळली पाहिजे. ही मोजणी टाळली की एका पोराचा पेपर "हरवतो".

२०० डीपीआय, ग्रेस्केल पुरे. सॉफ्टवेअर चालवल्यावर निकाल लगेच जाहीर करू नका. आधी तीन याद्या काढा: दुहेरी आलेले हजेरी क्रमांक, एका प्रश्नाला दोन गोळे, आणि पुसट गोळे. या पत्रिका डोळ्यांनी पाहायच्या. मग गठ्ठ्यातून कुठल्याही वीस पत्रिका काढून हाताने तपासा. एकही गुण वेगळा आला तर उत्तरसूची किंवा संच कोड चुकला आहे असं समजा. यंत्र एका पोरासाठी वेगळी चूक करत नाही, एकच चूक सगळ्यांना वाटून देते. नीटसारखे बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १ असे गुण असले की चुकलेल्या सूचीचा फटका पाच गुणांचा बसतो. मूळ स्कॅन जपून ठेवा, पालक वाद घालायला आले की तोच कामी येतो.

हजेरी, टॅग आणि चेक

बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र कार्यालयात चालतं. बांधकामावर आणि विटभट्टीवर चालत नाही, कारण सिमेंटने आणि मातीने बोटं झिजलेली असतात. तिथे चेहरा ओळखणारं यंत्र किंवा साधं कार्ड ठेवा. ठसा घेत असाल तर दोन्ही हातांची मिळून किमान दोन-तीन बोटं नोंदवा. हजेरीसाठी आधार क्रमांक गोळा करू नका, त्याची गरजही नाही.

टोलवरचा फास्टॅग आणि मेट्रोचं कार्ड ही एकाच कुटुंबातली. दोन्हींत बॅटरी नसते, वाचणारं यंत्र जी रेडिओ लहर सोडतं तिच्यावरच चिप जागी होते. कार्ड गेटला टेकवावं लागतं. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर काही मीटरवरून वाचला जातो. गांधीबागेतल्या कापडाच्या मोठ्या गोदामात गठ्ठा न सोडता मोजणी करायची असेल तर असे टॅग उपयोगी, लहान दुकानाला खर्च परवडत नाही. लोखंडी रॅक आणि पाण्याच्या बाटल्या जवळ असल्या की वाचन अडखळतं, म्हणून आधी चार टॅग आणून स्वतःच्याच गोदामात चाचणी घ्या.

चेकच्या तळाशी असलेले आकडे चुंबकीय शाईत छापलेले असतात, त्यामुळे वर शिक्का पडला तरी यंत्र वाचतं. सहा आकडी चेक क्रमांकानंतर नऊ आकडी एमआयसीआर कोड येतो: तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. नागपूरच्या चेकवर तो ४४० ने सुरू होतो, आपल्या पिनकोडसारखाच. फॉर्म भरताना हा कोड चेक पाहून टाइप केला असेल तर पहिले तीन आकडे जुळतात का एवढं तरी बघा. तळाच्या पांढऱ्या पट्टीवर सही नको, स्टेपलही नको.

मराठी कागदपत्रं: ओसीआर

सोसायटीची जुनी इतिवृत्तं, संस्थेच्या स्मरणिका, निकालपत्रं. इथे अपेक्षा आटोक्यात ठेवा. छापील मराठी आता बऱ्यापैकी वाचलं जातं, हस्ताक्षराचा भरवसा नाही, मोडीची आशा या साधनांकडून धरू नका. आणि सातबारासारखं जे सरकारी संकेतस्थळावर आधीच डिजिटल मिळतं ते स्कॅन करत बसू नका.

पान ३०० डीपीआयवर सरळ स्कॅन करा. मोबाइल वापरत असाल तर वरून, सावली न पडता. थोडी पानं असतील तर फाइल गूगल ड्राइव्हमध्ये चढवून गूगल डॉक्सने उघडा, मजकूर खाली येतो. शेकडो पानं असतील तर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठीची भाषा-फाइल टाकून वापरा. त्याची चौथी किंवा पुढची आवृत्ती घ्या, आधीच्या आवृत्त्या शिरोरेषेला जोडलेल्या अक्षरांत फार अडखळायच्या.

मजकूर तपासताना घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या आणि रफार आधी पाहा. आकड्यांत १ आणि ९ वर लक्ष ठेवा. हिशेबाचं पान असेल तर रकान्याची बेरीज पुन्हा करून छापील बेरजेशी ताडून बघा, एवढ्याने आकड्यांच्या बहुतेक चुका सापडतात.

जुन्या डीटीपी फाँटमधली पीडीएफ असेल आणि कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा उतरत असेल, तर मजकूर कॉपी करायचा नाद सोडा. त्या पीडीएफची पानं ३०० डीपीआयच्या चित्रांत बदला आणि ती चित्रं ओसीआरला द्या. पान कॉम्प्युटरवरच बनलेलं असल्याने त्यात डाग नसतात, तिरकेपणाही नसतो, त्यामुळे निकाल स्कॅन केलेल्या कागदापेक्षा सरस येतो. फाँट कन्व्हर्टर शोधण्यात दुपार घालवण्यापेक्षा हे लवकर होतं.